शके ९३९ : वर्ष एक, अंक अनेक



इ. स. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम चालू असता शिलाहार राजा अरिकेसरी याचा ताम्रपट सापडला. ठाण्याचे तत्कालीन नाव श्रीस्थानक. दानाचा काल ताम्रपटात असा आहे : शके ९३९, पिंगल संवत्सर, कार्तिक पौर्णिमा, चंद्रग्रहण. ख्रिस्ती गणनेने हा दिवस ६ नोव्हेंबर १०१७.

दिवाळी होऊन पंधरवडा लोटला असल्याने त्या दिवशी विक्रम संवत् १०७४ आणि वीर निर्वाण संवत् १५४४ लागले होते. कलियुगाची ४११८ वर्षे सरली होती. हिजरी सन ४०८ चालू होता. ‘पिंगल’ हे साठ संवत्सरांतील एक्कावन्नावे नाव. दक्षिणेत ही नावे दर चैत्रात क्रमाने बदलतात. उत्तरेत गुरूच्या गतीनुसार सुमारे ८५ वर्षांत एक नाव गाळले जाते. तेव्हा केवळ नावावरून वर्ष ठरवता येत नाही, प्रांतही पाहावा लागतो.

मात्र त्याच शके ९३९ मधील अक्षय्य तृतीया घेतली, तर शक आणि पिंगल कायम राहून वीर संवत् १५४३ येतो. कारण तो कार्तिकात पालटतो. वीरनिर्वाणानंतर ६०५ वर्षे ५ महिन्यांनी शकराजा झाला, असे श्वेतांबरांचा तित्थोगाली सांगतो. दिगंबरांच्या तिलोयपण्णत्तीनेही अन्य मतांसोबत हाच आकडा नोंदविला आहे. त्यातील पाच महिने म्हणजे कार्तिक ते चैत्र हे अंतर होय. वर्षे मोजताना ते महिने टाकून देण्याची सवय फार आहे, आणि चूक तेथेच होते.

हा प्रश्न केवळ विद्वानांचा नव्हे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत गुजराती, मारवाडी आणि मराठी जैन कुटुंबे एकाच जिनालयात दर्शन घेतात. एखाद्या प्रतिमेच्या पीठिकेवर ‘संवत् १०७४, वैशाख शुद्ध ३’ असे कोरलेले असेल, तर मारवाडच्या चैत्रादी गणनेने ते वर्ष इ. स. १०१७ होते, गुजरातच्या कार्तिकादी गणनेने १०१८. तिथी वद्य पक्षातील असल्यास महिनाही बदलतो. गुजरात-महाराष्ट्राचा चैत्र वद्य तोच मारवाडचा वैशाख वद्य. सरसकट ५७ वजा करून फलकावर इसवी सन रंगविला, की मूळ लेख कोणी पाहतच नाही आणि सालगिरीही त्याच चुकीच्या अंकाने मोजली जाते.

अरिकेसरीच्या ताम्रपटाला ग्रहणाची साक्ष मिळाली. प्रतिमालेखात ती बहुधा नसते; वार मात्र पुष्कळदा असतो, आणि तिथी-वाराचा मेळ घातला की दोन वर्षांपैकी एक सहसा गळून पडते. म्हणून न्यासाच्या दप्तरात लेख उतरवून घेताना संवत्, मास, पक्ष, तिथी, वार आणि प्रतिष्ठेचे गाव जसेच्या तसे लिहावे. इसवी सन त्याखाली, निराळ्या ओळीत.