रक्तांतील विळे

मेंदूंतील बहुतेक पेशी आपणांस जन्मभर सोबत करतात. रक्तांतील तांबडी पेशी मात्र सुमारें १२० दिवसांचीच पाहुणी. हाडांतील मगजांत ती जन्मते, तेथेंच आपलें केंद्रक टाकून देते आणि मग प्राणवायूची वाहतूक हें एकच व्रत पाळते. बैरागीच म्हणा ना! दोन्ही बाजूंनीं खोलगट अशी ही चकती इतकी लवचिक असते, कीं आपल्याहून अरुंद केशवाहिनींतूनहि अंग मुडपून निसटते.

ही लवचिकता गेली म्हणजे काय होतें? १९१० सालीं शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनीं ग्रेनाडा बेटांतील एका विद्यार्थ्याच्या रक्ताचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्या रक्तांत विळ्यासारख्या वांकड्या पेशी होत्या. हा दोष हिमोग्लोबिनचा, असें १९४९ मध्यें लायनस पाउलिंग व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें. त्याच्या एका साखळींतील १४६ दुव्यांपैकीं सहावा दुवा तेवढा बदललेला असतो. पण तेवढ्यानेंच, प्राणवायू सुटतांच, हिमोग्लोबिनचे कण एकमेकांस चिकटून ताठ दोर बनतात. पेशी वांकते, वाहिनी तुंबते आणि हाडांत असह्य कळा येतात. शिवाय अशा पेशी दहावीस दिवसांतच मरत असल्यामुळें रक्तक्षय होतो तो निराळाच.

आईबापांपैकीं एकाकडूनच हा दोष आलेला मनुष्य वाहक होय. तो बहुधा धडधाकट असतो. इतकेंच नव्हे, तर जीवघेण्या हिवतापापासून त्याचा पुष्कळ बचाव होतो, हें अँथनी ॲलिसन यांनीं १९५४ मध्यें दाखविलें. हिवतापाच्या प्रदेशांत हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला तो यामुळेंच. गडचिरोली-नंदुरबारकडे तो आढळतो, तेव्हां हा रानावनांतील लोकांचा रोग, अशी शहरवासीयांची समजूत असते. ती चुकीची आहे. नागपुरांतील कित्येक घरांना हें दुःख ठाऊक आहे.

दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक. आपण छत्तीस गुण जुळवून पाहतों, रक्त मात्र पाहत नाहीं! २०२३ च्या नोव्हेंबरांत ब्रिटननें मगजांतील मूलपेशींच्या जनुकांतच फेरफार करणाऱ्या उपचारास मान्यता दिली. परंतु त्याचा खर्च सामान्य कुटुंबास झेपणारा नाहीं. वाहक ओळखण्यास मात्र थोडेंसें रक्त पुरतें. पहिली चांचणी मिनिटांत होते; तिच्यांत संशय आला, तर दुसरीनें तो वाहक कीं रोगी हें निश्चित करतां येतें.