एक आयपी, तीन वेबसाइट्स

हेडफोन लावलेत ना? आज लोड बॅलन्सर. पण "तो ट्रॅफिक वाटून देतो" एवढ्यावर थांबायचं नाहीये.

समजा, एकाच आयपीवर, त्याच दोन सर्व्हरवर तीन साइट्स आहेत: एक मेस, एक क्लास, एक गणपती मंडळ. मंडळाचं लाइव्ह दर्शन सुरू झालं की क्लासचा ॲडमिशन फॉर्म लटकतो. आणि फी भरायची शेवटची तारीख नेमकी तीच! म्हणून नाव बघून ट्रॅफिक वेगळं करायचं आणि प्रत्येक साइटला तिचे स्वतःचे सर्व्हर द्यायचे.

पण नाव वाचणार कोण? ॲझ्युरचा 'सेंट्रल इंडिया' रीजन 2015 पासून आपल्या पुण्यातच आहे, तर उदाहरण त्याचंच घेऊ. तिथली 'लोड बॅलन्सर' नावाची सर्व्हिस लेयर 4 वर चालते. तिला आयपी आणि पोर्ट दिसतो, साइटचं नाव नाही. वाड्याच्या दारावर बसलेला, पण आतलं एकही बिऱ्हाड न ओळखणारा माणूस म्हणा ना. नावासाठी लेयर 7 चा 'ॲप्लिकेशन गेटवे' लागतो.

ब्राउझर प्रत्येक रिक्वेस्टसोबत 'होस्ट' हेडर पाठवतो, गेटवे तो वाचतो. एचटीटीपीएसमध्ये हा हेडर कुलूपबंद असतो. मग सर्टिफिकेट कोणाचं दाखवायचं? त्यासाठी एसएनआय: हँडशेकच्या सुरुवातीलाच ब्राउझर नाव सांगून टाकतो.

सेटअप सोपा आहे. प्रत्येक नावाला मल्टी-साइट लिसनर, प्रत्येक साइटला बॅकएंड पूल आणि दोघांना जोडणारा रूल. रूलचा प्रायॉरिटी नंबर जितका लहान, तितका त्याचा मान आधी. वाइल्डकार्ड नावाला मोठा नंबर द्या, नाहीतर तो बाकीच्यांचं ट्रॅफिक गिळतो.

खरी गंमत हेल्थ प्रोबची. डिफॉल्ट प्रोब होस्ट म्हणून 127.0.0.1 पाठवतो. तुमचा सर्व्हर फक्त स्वतःच्या नावालाच ओ देत असेल, तर प्रोबला 404 मिळतो. असं लागोपाठ तीनदा झालं की गेटवे त्याला आजारी ठरवतो. सगळेच सर्व्हर असे बाद झाले की युजरला 502. सर्व्हर ठणठणीत, ॲप चालू, लॉगमध्ये काही नाही, आणि तुम्ही रात्री दोनला फायरवॉल उसकत बसलेले! त्यामुळे प्रत्येक साइटला कस्टम प्रोब, त्यात तिचंच होस्टनेम.

आणि डीएनएस लगेच बदलू नका. 'कर्ल'च्या 'रिझॉल्व्ह' ऑप्शननं तिन्ही नावं नव्या आयपीवर मारून बघा. तिघांची पानं आणि सर्टिफिकेटं बरोबर आली, की मगच बदला.