चाळिशीनंतर हाती आलेली पेन्सिल

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेतील भाषण)



आज आम्ही चित्रकथेविषयी, म्हणजे मुले जिला कॉमिक्स म्हणतात तिच्याविषयी बोलणार आहोत. आम्ही म्हणजे विहारात दर रविवारी संध्याकाळी बसणारी नऊ माणसे. त्यांत चित्रकार कोणीही नाही. दोघे बँकेत आहेत, एक भगिनी शिवणकाम करतात, एक काका गोदीतून निवृत्त झाले आहेत. सर्वांत लहान सभासदाचे वय ४१. ज्या वयात माणूस मुलांच्या फीचा आणि स्वतःच्या रक्तदाबाचा विचार करतो, त्या वयात आम्ही पेन्सिल हाती घेतली.

शाळेत चित्रकलेचा तास होता, पण आमच्यापैकी बहुतेकांकडे रंगपेटी नव्हती. रंगपेटी नसेल त्याने वर्गाबाहेर उभे राहायचे. त्यामुळे आपल्याला चित्र येत नाही, हे मनात इतके घट्ट बसले की पुढे कित्येक वर्षे ते कोणी तपासूनही पाहिले नाही. बाबासाहेबांनी मात्र उतारवयात, एवढ्या कामाच्या रगाड्यात, व्हायोलिन आणि चित्रकला शिकायला घेतली होती. हे आम्ही दर जयंतीला ऐकत होतो. ते आपल्यालाही लागू आहे, हे ध्यानात आले नाही.

निमित्त झाले ते 'भीमायन' या पुस्तकाचे. नवयान प्रकाशनाने २०११ साली काढलेल्या या चित्रकथेची चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची आहेत. दोघेही मुरलेले चित्रकार, पण चित्रकथा हा प्रकार त्यांना नवा. माणसांना चौकटीत कोंबायला त्यांनी नकार दिला आणि आपल्याकडच्या भिंतीवरील 'दिग्ना' नक्षीने पाने विभागली. मायेच्या बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी! जे आपल्याकडे आहे त्यातूनच काढायचे, हा धडा आम्ही त्यांच्याकडून घेतला. चौकटीवाचून कथा सांगणे आपल्याला तरी कुठे नवीन आहे? अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात वेस्संतर जातक पाहा. एकाच भिंतीवर तोच राजपुत्र पुन्हा पुन्हा येतो आणि आपण त्याच्याबरोबर पुढे सरकतो.

आम्ही मात्र सोपी वाट धरली. शरद शर्मा यांच्या वर्ल्ड कॉमिक्स इंडियाने जी पद्धत गावोगावी नेली ती अशी: ए-फोर आकाराचे दोन कागद जोडायचे, चार चौकटी आखायच्या, काळ्या पेनाने काढायचे, झेरॉक्स करून भिंतीवर लावायचे. रंगपेटी लागतच नाही! पहिल्या महिन्यात आम्ही आधी चित्र काढायचो आणि मग संवादाला जागाच उरायची नाही. आता अक्षरे आधी लिहितो, त्यांच्याभोवती फुगा काढतो, उरलेल्या जागेत माणसे. जो आधी बोलतो तो डावीकडे.

खरी अडचण हाताची नव्हतीच. १९०१ सालचा मसूर स्टेशनचा प्रसंग आम्ही सर्वांनी काढायला घेतला. लहानगा भीमराव, थोरला भाऊ आणि बहिणीची दोन मुले वडिलांकडे गोरेगावला निघाली होती. बैलगाडीचा रात्रीचा प्रवास. डब्यात जेवण होते, पण पिण्याजोगे पाणी मिळाले नाही म्हणून ते तसेच राहिले. एवढे सारे चार चौकटींत कसे बसवायचे? काय ठेवायचे, काय गाळायचे, यावर दोन रविवार वाद झाला. बँकेतल्या एकाने स्टेशनमास्तर काढला, कोणी टोलनाक्यावरचा माणूस. गोदीतल्या काकांनी चौथ्या चौकटीत फक्त उघडा डबा काढला आणि शेजारी पालथा तांब्या. वाद तिथेच मिटला.

त्यानंतर काकांनी स्वतःची कथा काढली. १९७२ च्या दुष्काळातली. विहिरीच्या काठापासून दूर उभी असलेली आई, तिची घागर आणि वरून कोणीतरी ओतील म्हणून वाट पाहणे. चारही चौकटींत एकही चेहरा नाही. आम्ही विचारले तर म्हणाले, "चेहरे येत नाहीत हो मला." फक्त हात, घागर आणि कडेला दोन लहान पावले. शिवणकाम करणाऱ्या ताई म्हणाल्या, "आता चेहरे शिकलात तरी यात काढू नका."

१४ एप्रिलला ते चित्र विहाराच्या भिंतीवर लागले. काकूंनी ते पाहिले आणि म्हणाल्या, "एवढी वर्षे संसार केला, हे मला कधी सांगितलं नाहीत." काका काहीच बोलले नाहीत. मग नातीने विचारले, "आजोबा, यात तुम्ही कुठे आहात?" काकांनी त्या दोन लहान पावलांवर बोट ठेवले. नंतर तासभर ते तिथेच उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

आमची बैठक रविवारी संध्याकाळी सहा वाजता असते. येताना दोन कोरे कागद आणि एक काळे पेन आणावे. खोडरबर आमच्याकडे भरपूर आहे.

नमो बुद्धाय, जयभीम.