कोयता, उचल आणि दरमहाची मदत
(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



गरीब कुटुंबाच्या हाती शासनाने थेट पैसा दिला, तर ते कुटुंब गाव सोडायचे थांबेल का? ‘आता घरबसल्या पैसे मिळतात, मग मजूर कशाला बाहेर जातील?’ असा एक सूर आपल्या बैठकांतून ऐकू येतो. ‘एवढ्याशा रकमेने काय होणार?’ असा दुसरा. दोन्ही सूर लावणाऱ्यांनी दिवाळीनंतर एकदा पाटोदा, शिरूर कासार, धारूर या भागांत फिरून यावे. दारांना कुलपे आणि ओट्यावर म्हातारी माणसे, हे दृश्य तेथे दिसते.

ऊसतोडीला जाणाऱ्या पती-पत्नीच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. माणसांची गणना हत्याराने व्हावी, यातच सारे आले! हे कुटुंब पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते, ते केवळ मजुरीच्या ओढीने नव्हे. मुकादमाने त्याला हंगामापूर्वीच उचल दिलेली असते. मुलीचे लग्न, दवाखाना, आधीचे देणे यांत ती कधीच खर्च झालेली असते. पुढचे पाच-सहा महिने ऊस तोडून ती फेडायची; एक दिवस आजारपणात गेला तर खाडा. हंगाम संपला तरी बाकी उरली, तर पुढच्या वर्षीचा प्रवास आजच ठरून गेला. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय निघाला आणि राज्य शासनाला समिती नेमावी लागली, तेव्हा या खाड्याची किंमत शहरी महाराष्ट्राला प्रथम कळली.

आता हिशेब पाहू. २०२४ साली आलेल्या लाडकी बहीण योजनेत पात्र भगिनीच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये जमा होऊ लागले. वर्षाचे १८,००० झाले. उचल मात्र पुष्कळदा लाखाच्या घरात असते. पण केवळ रकमेचे अंतर पाहून थांबू नये. उचल एकरकमी मिळते आणि नेमक्या अडीच्या वेळी मिळते. योजनेचा पैसा महिन्या-महिन्याने येतो आणि किराण्यात विरतो. म्हणून कोयता थांबत नाही. योजना आपल्या विचारांच्या सरकारने आणली, एवढ्यासाठी हे बोलायचे टाळणे मला योग्य वाटत नाही.

उलट, हाती पैसा आला की माणूस घराबाहेर पडतो, असाही अनुभव आहे. बांगलादेशातील रंगपूर भागात भातकापणीपूर्वीच्या उपासमारीच्या काळाला ‘मोंगा’ म्हणतात. २००८ साली तेथे संशोधकांनी काही कुटुंबांना बाहेरगावी कामाला जाण्याच्या अटीवर ६०० टका दिले. बसभाडे आणि थोडे दिवस पोट भरेल, एवढीच ती रक्कम. पण तिच्यामुळे गावाबाहेर माणूस पाठविणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण सुमारे २२ टक्केबिंदूंनी वाढले. तोच प्रयोग पुढे मोठ्या प्रमाणावर केला, तेव्हा मात्र तसा परिणाम आढळला नाही आणि २०१९ मध्ये तो बंद झाला.

आपल्याला अधिक जवळचा दाखला दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतातला आहे. घरातील वृद्धाला निवृत्तिवेतन सुरू झाले की कर्ती माणसे कामासाठी अधिक बाहेर पडू लागली, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. वृद्धाच्या पैशावर घर चालू लागले, आणि नातवंडांना सांभाळायला आजी-आजोबा होतेच.

पंडित दीनदयाळजींनी १९६५ साली मुंबईत एकात्म मानवदर्शनावर व्याख्याने दिली, त्यांत माणसाला निव्वळ आर्थिक प्राणी मानण्यास त्यांचा विरोध होता. स्थलांतराचा निर्णयही सुटी व्यक्ती घेत नाही, कुटुंब घेते. म्हणूनच ‘जाणे थांबले का?’ एवढेच विचारून भागणार नाही. कोण गेले, कोण मागे राहिले, आणि गेले ते कर्ज डोक्यावर घेऊन की मोकळ्या मानेने, हे पाहिले पाहिजे. श्रावणबाळ योजनेचे पैसे (२०२३ पासून तेही दरमहा १,५०० झाले) आजीच्या हाती वेळेवर पडले, तर नातीला कोपीवर न नेता गावच्या शाळेत ठेवण्याचे धाडस आई करू शकते. तेच पैसे चार महिने रखडले, तर नात आईबरोबर जाते आणि धाकट्या भावाला सांभाळत फडाच्या कडेला बसते. रक्कम तीच, फरक तारखेचा.

आपल्या कार्यकर्त्यांना येथे बरेच काही करता येईल. गावोगावी बचतगट आहेत. भगिनींच्या खात्यात नियमित येणाऱ्या रकमेच्या भरवशावर गटाने पावसाळ्यातच एकरकमी कर्ज दिले, तर काही घरांना मुकादमाकडे जावे लागणार नाही. काहींची उचल निदान निम्म्यावर येईल. सर्वांचे जमणार नाही, हे मी जाणतो. हंगामी वसतिगृहेही ऊसतोडीच्या टोळ्या निघण्यापूर्वी सुरू व्हायला हवीत; ट्रक गेल्यावर उघडलेल्या वसतिगृहात मुले यायची कोठून? श्रावणातच घरोघर जाऊन कोणाचे निवृत्तिवेतन अडले आहे, कोणाचे खाते बंद पडले आहे, याची यादी करावी आणि ती घेऊन तहसील कचेरीत बसावे. मुकादम त्याच सुमारास गावात फिरत असतो.