पळणाऱ्याची पेन्शन



ह्या व्यासपीठावरून आपण दरवर्षी मोठमोठ्या विद्वानांची व्याख्याने ऐकता. आमचे शालेय शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले, ते वाचनालयाच्या बाकावर आणि विडी कारखान्याच्या फाटकाबाहेर. तेव्हा चालकांनी विषय विचारला त्या वेळी संप, वाटाघाटी, कामगार कायदे असे काहीतरी आम्ही सांगू, अशी त्यांची अपेक्षा असणार. आम्ही 'कुत्रे' असे म्हणालो. त्यांनी चष्मा काढून आमच्याकडे पाहिले; परंतु विषय बदला असे काही म्हणाले नाहीत. ह्याबद्दल आरंभीच त्यांचे आभार मानतो.

गेली चार वर्षे आमच्या घरी शर्यतीतून निवृत्त झालेली एक कुत्री आहे. तिचे नाव हरणी. उंच पाय, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि लांब निमुळते तोंड. ती निव्वळ ग्रेहाऊंड नसावी. विलायती ग्रेहाऊंड आणि आपल्याकडची कारवानी यांचे मिश्रण असावे. ही कारवानी जात आपल्याला परकी नाही. आमच्या लहानपणी सोलापूर जिल्ह्याच्या माळावर, मराठवाड्यात मेंढपाळांच्या आणि शेतकऱ्यांच्या मागे अशी कुत्री दिसत. विजापूरच्या पलीकडे मुधोळला हीच जात 'मुधोळ' म्हणून प्रसिद्धीस आली. तेथील संस्थानिक मालोजीराजे घोरपडे यांनी तिची जोपासना केली. २००५ साली भारतीय टपाल खात्याने मुधोळ कुत्र्याचे तिकीट काढले, आणि २०१६ साली सैन्याने मेरठला ही कुत्री शिक्षणासाठी नेली.

ही सारी कुत्री वासाने नव्हे, नजरेने शिकार करणारी. काही हलले की धावायचे, हा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, आणि सशाहरणांची शिकार बंद झाली ती योग्यच झाली. परंतु पाय तर राहिले. शिकार गेली आणि शर्यत उरली.

शर्यतीचे मूळ परदेशांत आहे. १९१९ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एमरीव्हिल येथे यांत्रिक सशामागे ग्रेहाऊंड पळविण्याचे मैदान निघाले. १९२६ साली इंग्लंडात मँचेस्टरला तसेच मैदान झाले, आणि पैज लावणाऱ्या गिरणीकामगारांचीच तेथे गर्दी लोटली. आपल्याकडे मैदान नाही, यंत्र नाही. हरणीच्या मालकाने आम्हांला सांगितले की, जत्रेत मोटारसायकलीच्या मागे दोरीला कातड्याचा तुकडा बांधतात आणि तोच ससा. ताशी साठ किलोमीटरच्या पुढे पळणारे जनावर त्या तुकड्यामागे धावते. तो त्याच्या हाती कधीच लागत नाही. (ह्यावर आपण हसलात, परंतु उचलीवर काम केलेला माणूस हसणार नाही.)

हा मालक शेजारच्या तालुक्यातला शेतकरी. दुष्ट माणूस मुळीच नव्हे. हंगामात तो हिला दूध, अंडी, मटण घाली. स्वतःच्या मुलांना घालत नसे. पुढे हिच्या मागच्या पायाचा सांधा दुखावला. आम्ही कामगारांच्या एका बैठकीसाठी त्या गावी गेलो असता ही गोठ्याच्या कोपऱ्यात उभी होती. आम्ही चौकशी केली. तो म्हणाला, "घेऊन जावा की, अण्णा. बैल म्हातारा झाला तर शेण तरी देतो. हिचं काय करू?"

आम्ही तिला जीपमध्ये घातली. उदारपणाने नव्हे, त्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते म्हणून.

घरी आल्यावर पहिली अडचण पायऱ्यांची. आमच्या घराला तीन पायऱ्या आहेत. वाऱ्यासारखी पळणारी ही कुत्री त्या पायऱ्यांपाशी लहान मुलासारखी थरथरत उभी राहिली. जन्मात पायरी चढली नव्हती. एकेक पाय हाताने उचलून ठेवून चार दिवसांत शिकविले. आरसा, पंखा, कुकरची शिट्टी, सगळे तिला नवे. शेजाऱ्यांना वाटे, ही आजारी आहे, कारण ती दिवसाचे सोळा-सतरा तास झोपते. बरगड्या दिसतात म्हणून एकाने तोंडावर सुनावले, "कामगारांचे पुढारी म्हणवता, आणि कुत्र्याला जेवायला घालत नाही!" जनावरांच्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, ह्या जातीच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्याच पाहिजेत. त्या झाकल्या तर कुत्रे लठ्ठ झाले समजा. कातडी पातळ, अंगावर चरबी नाही. म्हणून थंडीत ती चादरीवाचून झोपत नाही. सोलापुरात चादरीची वाण नाही, हे तिचे नशीब. उन्हाळ्यात मात्र पहाटे पाचला फिरवून आणावी लागते. नंतर डांबर तापले की तळवे भाजतात.

आमच्या आईला प्रथम हे काही पसंत नव्हते. आईने चाळीस वर्षे विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हाती कात्री. हजार विड्यांवर मजुरी. आता तिचे वय ऐंशीच्या पुढे आहे, सूप कधीच सुटले. परंतु रिकामी बसली की तिची बोटे अजून मांडीवर विडी वळतात. तिला ते कळतही नाही. एका रात्री आम्ही उठलो तो आई अंथरुणावर बसून हरणीकडे पाहत होती. हरणी झोपेत चारही पाय हलवीत होती, दम लागल्यासारखा श्वास घेत होती. आई म्हणाली, "अजून पळतीया बघ. हिला सुट्टी झालेली कुणी सांगितलंच न्हाई."

त्या दिवसापासून भाकरीचा पहिला तुकडा हरणीचा झाला.

आता आमच्या एका चुकीची गोष्ट सांगितली पाहिजे. दुसऱ्या वर्षी एका सकाळी आम्ही तिला गावाबाहेर नेले आणि पट्टा सोडला. आता ही माणसाळली, असा आम्हांला भरवसा. इतक्यात एक मुलगा मोटारसायकलीवरून गेला. मागे बांधलेले पोते वाऱ्याने फडफडत होते. हरणी सुटली. काय पळाली म्हणून सांगू! चारही पाय जमिनीला सोडून. आणि खरे सांगतो, ती परत यावी म्हणून हाक मारण्याऐवजी आम्ही क्षणभर उभे राहून पाहत राहिलो. छाती फुगली आमची. 'आमची हरणी' असे मनात आले. मग तारेचे कुंपण आले. छातीची कातडी वीतभर फाटली, दुखरा पाय पुन्हा गेला. डॉक्टरांनी टाके घातले. तेव्हापासून ती थोडी लंगडते.

त्या गोठ्यातल्या शेतकऱ्याला आम्ही मनात नावे ठेवली होती. त्या सकाळी कळले की, त्याच्यात आणि आमच्यात फारसे अंतर नाही. पळणारा पळत असला की सर्वांना आवडतो. प्रश्न तो थांबल्यावरचा असतो.

हाच प्रश्न घेऊन आम्ही तीस वर्षे फाटकांवर उभे आहोत. विडी घरी बसून वळणारी बाई कामगारच नव्हे, असे कारखानदार म्हणत. तिला भविष्यनिर्वाह निधीचा हक्क आहे, हे १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. १९७२ साली ग्रॅच्युइटीचा कायदा झाला : नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. ही भीक नव्हे. पळवून घेतले त्याचा तो हिशेब आहे.

आणि जनावराचे काय? उपासतहानेने हाल होतील असे जनावर वाऱ्यावर सोडून देणे हा १९६०च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड लिहिला तो दहापासून पन्नास रुपयांपर्यंत! बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली बंदी आली, २०२१ साली अटींवर परवानगी मिळाली, २०२३ साली घटनापीठाने तिच्यावर शिक्का मारला. त्या अटी पळतानाच्या आहेत. पळून झाल्यावर काय, ह्याचा विचार कोणी करावा?

परदेशांत तो थोडासा झाला आहे. फ्लोरिडा राज्यात २०१८ साली लोकांनी मतदान करून ह्या शर्यती बंद केल्या. मकाव येथील मैदान त्याच वर्षी बंद पडले, तेव्हा पाचशेंवर कुत्री मागे उरली आणि त्यांना घरे शोधताना पुष्कळांची धावपळ झाली. ब्रिटनमध्ये मात्र २०२० साली एक योजना निघाली, ती आम्हांला विशेष भावली. कुत्र्याची शर्यतीसाठी नोंदणी होतानाच त्याच्या नावे पैसे बाजूला ठेवायचे, आरंभी ही रक्कम ४०० पौंड होती. निम्मे मालकाचे, निम्मे शर्यतीच्या नियामक मंडळाचे. कुत्रे निवृत्त झाले की त्याला घर मिळवून देण्याच्या कामी ती रक्कम जाते. म्हणजे कुत्र्याची ग्रॅच्युइटीच की! एवढ्याने सर्व दुःख मिटते असे नाही. परंतु आधी पैसे, मग पळणे, हा क्रम बरोबर आहे.

आपल्यापैकी काहीजणांचे गावी वजन आहे, काही जत्रा कमिटीवर आहेत. शर्यती असाव्यात की नसाव्यात, हा वाद आज आम्ही उकरीत नाही. आमचे मत आपण ओळखले असेलच. आमची मागणी लहान आहे. बक्षिसाची ढाल आणि मांडव यांचा खर्च धरता, त्यातच दुखावलेल्या जनावराच्या औषधाचा आणि पुढच्या निवाऱ्याचा वाटा आधी काढून ठेवा. आणि असे कुत्रे कोणाला घरी आणावेसे वाटले, तर अवश्य आणा. मात्र राखण करील अशी आशा धरू नका. हरणी चोराला उठून जागा देईल. मांजर असलेल्या घरी जपून. आणि उघड्या माळावर पट्टा कधीही सोडू नका. नान्नजच्या बाजूला तर मुळीच नाही. तेथे काळविटांची पाडसे आहेत, आणि ह्यांच्या डोळ्यांना कायदा वाचता येत नाही.

घरून निघालो तेव्हा आई खाटेवर होती आणि हरणी खाटेखाली. दोघीही झोपल्या होत्या. बोटे हलत होती, पायही हलत होते. परंतु पूर्वीइतके नाही, असे आम्हांला वाटले. विसावा हा नुसता देऊन भागत नाही. तो अंगी मुरायला वर्षे लागतात, आणि तेवढी वर्षे कोणीतरी घर चालवावे लागते.