मातीतील लोहकण आणि पुरातन पाऊस



आपले हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. मग लाखो वर्षांपूर्वीचा पाऊस कोणी मोजला? तेव्हा मोजणारा माणूसच नव्हता. तरीही उत्तर चीनमधील मातीत त्याची खूण राहिली आहे.

तेथे पिवळ्या मातीचे अफाट पठार आहे. हिवाळ्यातील कोरडे वारे वाळवंटाची धूळ तेथे आणून टाकतात. हे सुमारे पंचवीस लाख वर्षे चालले आहे. लोचुआन गावाजवळ हा थर शंभर मीटरहून जाड आहे. त्यात मधूनमधून तांबूस पट्टे दिसतात. ज्या काळात उन्हाळी मोसमी पाऊस चांगला पडला, त्या काळात धुळीवर गवत उगवले, ती मुरली आणि तिची जमीन झाली; तोच हा पट्टा.

१९८२ साली हेलर आणि लिउ या शास्त्रज्ञांनी या थरांची चुंबकीय तपासणी प्रसिद्ध केली. पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांची अदलाबदल होत आली आहे. शेवटची सुमारे ७,८०,००० वर्षांपूर्वी झाली. तिची निशाणी मातीत सापडते, म्हणून थराचे वय कळते. दुसरी गोष्ट अधिक मौजेची. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावले की तांबूस माती पिवळीपेक्षा कितीतरी अधिक प्रतिसाद देते. जमीन भिजते, वाळते, पुन्हा भिजते. त्यात लोहाचे रूपांतर होऊन मॅग्नेटाइटचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. ते मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही बारीक असतात, बरे का!

‘चुंबकत्व जास्त म्हणजे पाऊस जास्त’ हे वाक्य एखाद्या गाईडात असते, तर मुलांनी ते घोकून पाठ केले असते आणि आम्ही शिक्षकांनी पूर्ण गुणही दिले असते! पण सैबेरियात आणि अलास्कात नेमके उलटे आढळते. तेथे थंड काळातील जोरदार वाऱ्यांनी जड चुंबकीय कण वाहून आणले. म्हणून धुळीचे थर जास्त चुंबकीय आणि जमिनीचे पट्टे कमी. शिवाय जमिनीत पाणी साचून राहिले तर मॅग्नेटाइट विरघळते. म्हणजे अति पाऊस आपलीच खूण पुसतो. म्हणून शास्त्रज्ञ कणांचा आकार तपासतात, परागकणही पाहतात, आणि मगच पावसाविषयी बोलतात.

मुलांनो, कोकणात गेलात तर रत्नागिरीच्या काळ्या वाळूत कागदात गुंडाळलेला चुंबक फिरवून पाहा. पुष्कळ कण चिकटतील. ते पावसाने जमिनीत घडवलेले नव्हेत. सह्याद्रीच्या काळ्या खडकातून झिजून, नद्यांबरोबर वाहत आलेले आहेत.