वस्तऱ्याची वंशावळ



आमचा विषय वाचून मालवण बंदरावर काही मंडळी हसली, असे कानावर आले. कामगार संघटनेच्या माणसाने बोनसावर बोलावे, वस्तऱ्यावर कसले व्याख्यान? पण ज्या हत्यारावर आमच्या घराण्याच्या तीन पिढ्या जगल्या, त्याचे मूळ शोधणे हे आम्ही आमच्याच कामात धरतो.

पणजोबांच्या धोकटीतला हा वस्तरा. घरात कथा अशी की, सत्तावन सालच्या बंडाच्या वेळी एका गोऱ्या साहेबाने तो बक्षीस दिला, आणि मूठ हस्तिदंती आहे. साहेबाचे बक्षीस म्हटले की आपली छाती फुगते, ही आपली जुनी खोड! आम्ही मात्र वस्तऱ्यालाच विचारले. पाते मुठीला जोडते तेथे ठसा आहे: 'शेफिल्ड', आणि त्याखाली 'इंग्लंड'. अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्याने परदेशी मालावर देशाचे नाव सक्तीचे केले, तेव्हापासून शेफिल्डचे कारखानदार गावाखाली देशाचे नाव सर्रास ठोकू लागले. मग मूठ लोकरीच्या कापडावर जोराने घासली, तो कापराचा वास आला. हस्तिदंताला कापराचा वास कोठला? ते सेल्युलॉइड. १८७० च्या सुमारास ते अमेरिकेत निघाले आणि त्यात कापूर घालीत. साहेब गेला, बंडही गेले. उरला तो बाजारात दाम मोजून घेतलेला वस्तरा, आणि आम्हांला तो बक्षिसाहून मोलाचा वाटतो.

आता, ठशात नाव असते ते मालकाचे. पाते पाजळणाऱ्याचे नाव कोठेच नसते. शेफिल्डचे हे कारागीर फिरत्या दगडावर ओणवे बसून पाती घाशीत, आणि दगडाची धूळ त्यांच्या छातीत जाई. एंगल्सने १८४५ च्या ग्रंथात लिहून ठेवले आहे की, कोरड्या दगडावर काम करणारा सरासरीने पस्तिशीही गाठीत नसे, आणि ओल्या दगडावरचा पंचेचाळिशी क्वचितच ओलांडी. खडीच्या क्रशरवर राबणाऱ्या आमच्या सभासदांना ही धूळ परकी नाही. याच गावात करवती घासणाऱ्यांच्या संघटनेतून फुटलेल्या एका कामगाराच्या घरात १८६६ साली दारूचा स्फोट घडविला गेला. तो मार्ग आमचा नव्हे, हे स्पष्ट सांगतो. सरकारने १८६७ साली चौकशी मांडली. संघटना मोडून निघतील अशी मालकांची अटकळ होती. पण १८७१ साली इंग्लंडात कामगार संघटनांना कायद्याने मान्यता मिळाली. आपल्याकडे तसा कायदा १९२६ साली झाला.

वस्तऱ्याचे दुसरे टोक न्हाव्याच्या हातात. विधवेच्या डोक्यावरून तो फिरविण्याचे काम रूढीने त्याच्याच गळ्यात घातले होते. १८९० साली मुंबईत न्हाव्यांनी सभा भरवून ठरविले की, विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही. गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे त्यांच्या पाठीशी होते. बलुत्याच्या पायलीवर पोट असणाऱ्याने यजमानाला नाही म्हणणे म्हणजे काय, हे ज्याने संप केला आहे त्याला कळेल. पणजोबांना त्या सभेत नेऊन बसविण्याचा मोह आम्ही आवरतो. साहेबाची एक कथा काढून दुसरी चिकटवायची नाही.

वस्तरा टेबलावर ठेवला आहे. अवश्य पाहावा, पण धारेला बोट लावू नये. ती अजून आहे. आणि ज्यांच्या घरी माळ्यावर जुनी धोकटी पडून असेल, त्यांनी ठसा वाचून आम्हांला कळवावे.